दौलू बफर झाला

केतकी परदेशातून आवाजाचं शास्त्र शिकून गावी आली, तेव्हा तिला वाटलं होतं, गाव आपल्या गिटारला नाकं मुरडेल. कुणीच मुरडली नाहीत. सरपंच आनंदराव तर म्हणाले, जत्रेत वाजवून दाखव. लोकांना आवडलं तर रेशन दुकानाची बंद खोली तुझ्या गाण्याच्या वर्गाला. केतकीला त्या खोलीत पोरं वाजवताना दिसायलाही लागली.

अडचण वेगळीच निघाली. कुठल्याही गावात एक भोळा वायरमन असतो, तसा याही गावात होता. नाव दौलू. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा. तेवढंच वाईट होतं.

केतकीनं त्याला सांगितलं, गिटारचा आवाज देवळापर्यंत पोचला पाहिजे. दौलूनं गिटारचा अॅम्प, म्हणजे जिच्यातून आवाज बाहेर पडतो ती जड पेटी, उचलून देवळात नेऊन ठेवला. स्टेज मैदानाच्या या टोकाला, देऊळ त्या टोकाला. मध्ये वायरचं अख्खं भेंडोळं.

"पोचला," दौलू म्हणाला.

पेटी परत आणावी, तर पुजाऱ्यानं तिला हळदकुंकू वाहून हार घातलेला. देवापुढं बसलेली वस्तू जत्रा उठेपर्यंत हलत नाही, म्हणाला. केतकीनं तार छेडली. आवाज गोधडीतून आल्यासारखा आला. जाड सूर तेवढे उरले होते, बारीक चमक वाटेत गळाली होती.

मग तिनं दौलूला बसवून समजावलं. गिटारमधून निघणारा आवाज अशक्त असतो. लांब वायरीत त्याचं तेज जातं. म्हणून गिटारपाशी ही डबी लावायची. हिला बफर म्हणतात. आलं ते तसंच्या तसं घ्यायचं, नेट लावून पुढं धाडायचं, आपलं काही मिसळायचं नाही, एवढंच हिचं काम. डबी लावली आणि देवळात सूर असा लखलखला, की पुजारी दचकून उठला.

दौलू खूष झाला. पुढं केतकीनं त्याला फझची जुनी डबी जोडायला दिली. फझ म्हणजे सुराला मुद्दाम खरखरीत करणारी. दौलूनं ती बफरच्या नंतर जोडली. गिटारपाशी बफर, हे तिचंच सांगणं. फझ पत्रा घासल्यासारखी किंचाळली.

"दादा, ही गिटारला थेट जोडायची. आधी फझ, मग बफर. ज्यांचं जुळलंय त्यांच्या मध्ये काही ठेवायचं नाही."

"हे आधी सांगायचं, ताई."

त्याच संध्याकाळी सरपंचांच्या पुतणीचं लग्न होतं. दिवे दौलूचे. भटजींनी पहिली मंगलाष्टका सुरू केली आणि दौलूचं लक्ष गेलं. इकडं नवरा, तिकडं नवरी, जुळलेली जोडी, आणि मध्ये अंतरपाट. तो पुढं झाला, अंतरपाट ओढला, नीट घडी घातली आणि भटजींच्या हातात दिला. नवरी हसली. भटजी ओळ विसरले. सरपंचांनी दौलूकडं पाहिलं नाही, केतकीकडं पाहिलं. निम्मी खोली गेली, हे तिला कळलं.

"दादा, आता डोकं चालवायचं नाही," ती म्हणाली. "बफरसारखं राहायचं. आलं ते तसंच पुढं."

"एवढंच ना?"

"एवढंच."

जत्रेत कार्यक्रम असा रंगला, की लोक केतकीला थांबू देईनात. दौलू स्टेजच्या कडेला माईक धरून उभा होता. सरपंच आले आणि त्याच्या कानाशी लागले. बराच वेळ कुजबुजले. दौलूनं सगळं ऐकून घेतलं. आलं होतं, आता नेट लावून पुढं धाडायचं होतं. त्यानं माईक तोंडाशी धरला.

"केतकीला गोडीत सांग, सरपंच खोलीचं बघतायत म्हणावं. खोली मी मेव्हण्याला खताच्या पोत्यांसाठी कधीच देऊन टाकलीय. पोरगी खुळी आहे, चार दिवस वाट बघेल आणि जाईल. आणि हे कुणाला बोलू नकोस."

अख्खं मैदान सरपंचांकडं वळलं. सगळ्यात आधी मेव्हणा उठून गेला.

सकाळी सरपंच स्वतः किल्ली घेऊन आले. मागं अर्धं गाव होतं. खोली घे, म्हणाले, फक्त यापुढं आपल्या दोघांच्या मध्ये हा दौलू नको. केतकीनं किल्ली घेतली आणि तिथल्या तिथं ठरवलं, की खोली आजच झाडायची, आणि सरपंचांशी यापुढचा एकेक शब्द दौलूदादांमार्फतच बोलायचा.