काट्याची आखडलेली मान

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवावा? गोड बोलणाऱ्यावर, की तोंडावर खरं सांगणाऱ्यावर?

फार वर्षांमागे रामलिंगअप्पांच्या गुळाच्या दुकानात एक तराजू होता. दिवाळीला दुकान आठ दिवस बंद राहिलं. तेवढे दिवस डावं पारडं अप्पांच्या घरी लाडवांच्या पाकावर झाकण म्हणून राहून आलं. काटा आणि उजवं पारडं दुकानातच होती.

सुट्टी संपली. अप्पांनी रिकामा तराजू टांगला, तर काटा डावीकडे झुकलेला.

"काटेराव, लोळून लोळून मान आखडली वाटतं," डावं पारडं म्हणालं.

"मान ठीक आहे हो. तुमच्या बुडाला पाक चिकटलाय."

"माझं वजन गुंजभर वाढलेलं नाही. उजवंच वाळलंय. बांधा त्याला एक दगड."

"काटाच बिघडला, भंगारात देतो," म्हणत अप्पांनी पकड उचलली. काट्याला वाटलं, सरळ उभं राहून दाखवावं. पण ते गिऱ्हाइकाशी खोटं बोलणं झालं असतं. तो झुकलेलाच राहिला.

तेवढ्यात मुंग्यांची रांग डाव्या पारड्याखाली शिरली.

"तुमच्याकडे पाहुणे आलेत," उजवं म्हणालं.

अप्पांनी पारडं उलटं करून पाहिलं, चिंच लावून खसाखसा घासलं आणि पुन्हा टांगलं. काटा आपोआप सरळ झाला.

"बघितलंत? जरा दटावलं की लागतो कामाला," डावं पारडं म्हणालं.

तेव्हा मंडळी, सुट्टीवरून आलात की आधी आपलं पारडं उलटं करून बघा, आणि विश्वास ठेवायचा तर तोंडावर खरं सांगणाऱ्या काट्यावर ठेवा.