बहिरूचे सहा दोर

माळेगावात बहिरू नावाचा एक सुतार राहत होता. हात कसबी, माणूस भला. खोड एकच. घरात आलेली वस्तू तो बाहेर जाऊ देत नसे. फुटकी घागर, तुटका पाट, गंजलेले खिळे, तीन पायांची खाट, सगळे घरातच. बायको सगुणा काही टाकायला निघाली की तो म्हणे, "असू दे. लागेल कधीतरी."

एके सकाळी पाणी शेंदताना सगुणाचा दोर तुटला. तोल जाऊन ती विहिरीत पडली. कपारीला धरून ओरडू लागली.

बहिरू दोर आणायला घरी धावला. त्याने खाट ओढली, गाठोडी उपसली, माळ्यावर चढला. घरात सहा दोर होते, पण एकही हाती लागेना.

शेजारच्या गोदाक्काकडे दोर एकच होता, दाराजवळच्या खुंटीला. ओरडा ऐकताच तिने तो उचलला आणि विहीर गाठली. बहिरू रिकाम्या हातांनी परतला, तेव्हा लोक सगुणाला वर ओढत होते.

बहिरूची मान खाली गेली. "अक्का, माझ्याकडे सहा दोर होते."

"वेळेला सापडत नाही, ते आपल्याकडे असून नसल्यासारखंच."

"मग सगळं फेकून देऊ?"

"फेकू नकोस. रोज एक कोपरा घे. वस्तू हातात धर आणि विचार कर, वर्षभरात ही कामाला आली का? आली असेल, तर तिची जागा ठरव. नसेल, तर जिथे कामाला येईल तिथे पोचव. आणि नवं काही आणलंस, की जुनं एक काढ."

बहिरू कामाला लागला. चौथ्या दिवशी वडिलांच्या तीन करवती हाती आल्या. तो बराच वेळ त्या घेऊन बसला. मग एकीला धार लावून त्याने ती स्वतःकडे ठेवली. वाडीतल्या एका सुताराची करवत मोडली होती, त्याला उरलेल्या दोन दिल्या. तो सुतार हरखला. त्या दिवसापासून बहिरूला देणे जड गेले नाही.

महिन्याने शेवटचा कोपरा रिकामा झाला. तिथे सामानामागे झाकली गेलेली खिडकी बहिरूने ढकलली. सकाळचे ऊन थेट चुलीपर्यंत आले.

सगुणा बघतच राहिली. "अहो, आपल्या घराला इथे खिडकी होती?"

तात्पर्य: मोजके ठेवावे, जागच्या जागी ठेवावे, उरलेले ज्याला उपयोगी पडेल त्याला मोकळ्या हाताने द्यावे.