तरस्विनीचा दुसरा श्वास

कृतयुग मावळतीला लागले होते आणि त्रेतायुगाची चाहूल अजून कोणाला लागली नव्हती, अशा युगसंधीला हिमवंताच्या दक्षिण उतारावर दर्भायन मुनींचा आश्रम होता. देवदारांच्या घनगर्द छायेत, होमधूम्राच्या सुगंधात आणि वेदघोषाच्या गंभीर नादात तेथील दिवस संथपणे उगवत आणि मावळत. आश्रमाच्या पाठीशी गरुडशृंग नावाचे उत्तुंग शिखर उभे होते; आणि मुनींची एकुलती कन्या तरस्विनी रोज पहाटे वल्कले घट्ट आवळून त्या शिखराकडे धावत सुटे.

तिला तिकडून समिधा आणायच्या नसत, की कोणाला निरोप द्यायचा नसे. दवाने भिजलेल्या मातीचा गारवा तळव्यांतून वर चढू लागला, कानांपाशी वारा घुमू लागला, की तिच्या मनातले सारे प्रश्न एकेक करून गळून पडत. माथ्यावर पोहोचून ती घटकाभर हसत उभी राही आणि परतून गाईंच्या धारा काढायला बसे.

त्याच सुमारास स्तिमित नावाचे महर्षी अतिथी म्हणून आश्रमात आले. युगानुयुगे एकाच आसनावर निश्चल राहून त्यांनी असे तपोबल मिळवले होते की त्यांच्या मुखातून निघालेला शब्द प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही मोडता येत नसे. शिखराच्या वाटेलगत एका शिळेवर ते समाधी लावून बसले. एके दिवशी दाट धुक्यात तरस्विनीला ते दिसलेच नाहीत. तिच्या पायाखालचा एक दगड सुटला, घरंगळत गेला आणि मुनींच्या गुडघ्यावर आदळला. समाधी भंगली.

त्यांच्या हुंकाराने सारा आश्रम तेथे गोळा झाला. तरस्विनीने मस्तक भूमीला टेकवून म्हटले, "महर्षे, माझ्यामुळे आपली समाधी मोडली, आपणांस इजा झाली. हा माझा अपराध आहे. क्षमा करावी."

"तू कोणापासून पळत होतीस?" मुनींनी विचारले.

"कोणापासूनही नाही."

"मग कशासाठी? या जगात भ्यालेला धावतो, नाहीतर लोभावलेला धावतो. तुझे भय कोणते? तुझा लोभ कोणता?"

"धावताना मला आनंद होतो, मुनिवर. म्हणून मी धावते."

सभोवतालचे शिष्य चपापले. स्तिमितांचे नेत्र आरक्त झाले. "देहाच्या खळबळीला आनंद म्हणतेस? मी चित्ताची एकेक लहर मारून जे मिळवले, ते तू टाचा आपटून मिळवतेस? मूढ मुली, आश्रमाच्या होमाग्नीची शपथ घे की पुन्हा कधी धावणार नाहीस, म्हणजे तुला क्षमा करीन."

दर्भायन हात जोडून म्हणाले, "वत्से, घे शपथ."

तरस्विनी उठून उभी राहिली. तिची नजर खाली झुकली नाही. "समाधी मोडल्याचे प्रायश्चित्त आपण सांगाल ते घेईन. पण धावणे हा अपराध आहे, असे माझी जीभ म्हणणार नाही. ते असत्य होईल आणि अग्नीची शपथ घेऊन मी असत्य बोलत नाही."

स्तिमितांनी कमंडलूतले जल हाती घेतले. "तर ऐक! येथून पुढे धावशील तर तुझ्या कुशीत शूल उठेल, उरात वणवा पेटेल. आणि गरुडशृंगाच्या माथ्यावर पाऊल टाकताच तुझा प्राण तुला सोडून जाईल!"

दुसऱ्या दिवशी पहाटे दर्भायन कुटीच्या दारात आडवे उभे राहिले. "वत्से, पाय आवर. धावली नाहीस तर तो शाप तुला शिवणारही नाही. मी म्हातारा तुझ्यापाशी हे एवढेच मागतो."

तिने त्यांचे पाय धरले. "तात, भिऊन घरी बसलेली तरस्विनी तुम्हांला मिळेल, पण ती तुमची लेक नसेल. मला आशीर्वाद द्या."

वृद्ध मुनींनी तिच्या मस्तकावर हात ठेवला आणि ते दारातून बाजूला झाले.

ती शिळेवरच्या स्तिमितांसमोरून धावत गेली. ओढा ओलांडताच कुशीत शूल उठला. देवदारांची रांग संपता संपता उरात वणवा भडकला, मांड्या शिळेसारख्या जड झाल्या. ती कोसळली, गुडघे फुटले, तळव्यांना खडे रुतले. क्षणभर तिला वाटले, इथूनच परतावे. हसणार कोण आहे? मग तिच्या ध्यानात आले की शिखराकडे पाहिले की भय दाटते आणि पुढच्या पावलाकडे पाहिले की वाट दिसते. तिने आवळलेल्या मुठी सोडल्या, खांदे सैल केले. 'हा अग्नी महर्षींचा असेल,' ती स्वतःशी म्हणाली, 'पण ज्या छातीत तो जळतो आहे ती माझी आहे.' आणि ती धापा टाकत, रडत, मध्येच हसत वर चढत राहिली.

माथ्यावर तिचे पाऊल पडले आणि शब्द खरा झाला. प्राण देहातून निघून गेला. ती निश्चेष्ट पडली. अरण्यातले पानही हलेना. इतक्यात दऱ्याखोऱ्यांतून प्रचंड झोत उसळला आणि तिच्या नासिकेतून आत शिरला. तरस्विनीने डोळे उघडले. समोर साक्षात वायुदेव उभे होते.

"महर्षींच्या वचनाने मी बांधलेला आहे," ते म्हणाले. "त्यांनी तुझा प्राण मागितला, तो मी नेला. पण तुला दुसरा देऊ नये, असे काही ते म्हणाले नव्हते! कन्ये, मी प्रसन्न आहे. माझी कधीही न थकणारी गती तुला देतो."

"ती नको, देवा," तरस्विनी म्हणाली. "आपण कधी थकत नाही; म्हणून दमल्या पायांनी माथा गाठण्यात काय सुख असते, ते आपल्याला ठाऊक नसावे."

वायुदेव थक्क झाले, आणि मग असे हसले की देवदारांचे शेंडे वाकले. "मग माग, हवे ते माग."

"जन्माला येणाऱ्या प्रत्येक मानवाला, भय आणि लोभ कळण्याआधी, उगाचच धावण्याचा आनंद मिळू दे. पुढे तो विसरला तर विसरो."

"तथास्तु!"

ती खाली आली तेव्हा स्तिमित शिळेवर तसेच बसले होते. तिला जिवंत पाहून ते कठोर स्वरात म्हणाले, "शाप मी मागे घेणार नाही."

"घेऊ नका, महर्षे," ती वंदन करून म्हणाली. "आपण पहिला श्वास काढून घेतला नसता, तर दुसरा असतो हे मला कळले नसते."

मुनींनी नेत्र मिटले. त्यांनी शाप मागे घेतला नाही आणि पुढे कोणाला दिलाही नाही.

महर्षींचा शाप आणि वायुदेवांचा वर, दोन्ही तरस्विनीमागून धावणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला आजतागायत येत आहेत. आजही कोणी धावू लागले की आधी कुशीत कळ येते, छाती पेटते, आता प्राण जाईल असे वाटते. जो तेथे थांबतो त्याला शापच तेवढा माहीत असतो, आणि जो नेट धरतो त्याच्या उरात वायुदेव दुसरा श्वास घालतात. आणि ज्या मुलाला काल पहिले पाऊल टाकता आले, ते आज धावते. त्याला कोठे जायचे नसते. मागून आई ओरडते, "अरे, पडशील!" ते पडते, उठते, आणि खदखदा हसत आणखी जोरात धावत सुटते.