एका सुरातली इंग्रजी

फार जुनी नाही आणि कालपरवाचीही नाही, अशी ही गोष्ट आहे.

खाडीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात चौथीपर्यंतची एक शाळा होती. खोल्या दोन आणि शिकवणारेही दोनच. एका खोलीत मोठे गुरुजी पहिली-दुसरी सांभाळत आणि शाळेचा कारभारही बघत. दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथीची मुलं दाटीवाटीने बसत आणि त्यांना एक बाई शिकवत. गावात सगळे त्यांना नुसतं बाईच म्हणत. त्यांना नावाने हाक मारणारं तिथे कुणी नव्हतं.

बाई नव्याने आल्या तेव्हा उत्साहाने आल्या होत्या. गणित शिकवताना त्या शिंपल्या मोजायला लावत आणि भूगोलाच्या तासाला मुलांना धक्क्यावर नेत. मग सरकारचा हुकूम आला की इंग्रजीही लहानपणापासूनच शिकवायची. बाईंनी तीही मनापासून सुरू केली. अक्षरं झाली, शब्द झाले आणि वाक्यं आली. आणि तिथे गाडी अडली.

'ही गोज. शी गोज. दे गो.' एक माणूस जात असेल तर क्रियापदाला 'एस' लावायचा, पुष्कळ माणसं जात असतील तर लावायचा नाही. एवढंच. बाई फळ्यावर लिहीत, समजावून सांगत, मुलं माना डोलवत, आणि दुसऱ्या दिवशी विचारलं की 'ही गो' म्हणत. बाई पुन्हा सांगत. नव्या वर्षी नवी मुलं येत आणि जुनीच चूक करत. मराठीत तो जातो, ती जाते, ते जातात, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मग त्या परक्या भाषेतला एवढासा 'एस' त्यांच्या तोंडात का टिकत नाही, हे बाईंना कळेना. एकेकाला उभं करून वाक्य म्हणून घ्यायचं तर मागच्या रांगेपर्यंत पोहोचायच्या आत घंटा होई. तोवर चौथीची मुलं पाट्या वाजवत आणि तिसरीची भांडत.

एका हिवाळ्यात बाईंचा घसा बसला. बोलवेना, म्हणून त्यांनी फळ्यावर वाक्यं लिहिली, छडीने एकेक दाखवलं आणि सगळ्यांना मिळून म्हणायला लावलं. खोली एकदम भरून गेली. 'ही गोज! शी गोज! दे गो!' मुलांना गंमत वाटली. बाई खुर्चीवर टेकल्या. कितीतरी दिवसांत वर्गाच्या वेळेला त्यांची पाठ खुर्चीला लागली नव्हती.

घसा बरा झाला, पण रीत तीच राहिली. रोज इंग्रजीच्या तासाला मुलं एका सुरात वाक्यं म्हणत. धक्क्यावर होडीची वाट बघणारे लोक म्हणत, "ऐका, आपली पोरं कशी फाडफाड इंग्रजी बोलतात." मासळी सुकवणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून ऐकत. बाईंना कुणी एकेकट्याला विचारायला सांगितलं नाही आणि बाईंनीही विचारलं नाही. आत कुठेतरी त्यांना माहीत होतं. पण दमलेल्या माणसाला जे माहीत असतं ते बघायचं बळ नसतं.

तरी एक गोष्ट त्यांनी सोडली नव्हती. शाळेला आणखी एक शिक्षक मिळावा म्हणून त्या दर वर्षी मोठ्या गुरुजींच्या मागे लागून अर्ज करायला लावत. उत्तर येत नसे. आणि एके दिवशी निरोप आला की तालुक्याचे साहेब खाडीच्या दोन्ही बाजूंच्या शाळा बघायला येणार आहेत. त्यांच्या हातात एक नवा शिक्षक आहे, आणि तो कुठे द्यायचा हे ते ठरवणार आहेत.

मोठे गुरुजी लगबगीने बाईंच्या खोलीत आले. "बाई, वर्ग झळकला पाहिजे. तुमची ती इंग्रजीची वाक्यं म्हणून दाखवा. साहेब खूश झाले तर शिक्षक आपलाच."

"पण गुरुजी, शिक्षक गरजेला देणार की कौतुकाला?" बाईंनी विचारलं.

"रडक्याच्या पानात कोण वाढतं?" गुरुजी म्हणाले. "हसऱ्या दारातच सगळे येतात."

बाईंना ते पटलं नाही, पण वाद घालायची ताकद नव्हती.

साहेब आले ते होडीतून उतरतानाच दमलेले होते. वय झालं होतं, पाय सुजले होते. खुर्ची दिली तशी त्यांनी आधी चपला सैल केल्या. बाईंनी छडी उचलली. मुलांनी सुरू केलं आणि खोली दणाणून गेली. एकही अक्षर इकडचं तिकडे झालं नाही. मोठे गुरुजी दारात उभे राहून हसत होते.

"वा," साहेब म्हणाले. "छान बसवलंय. आता एखादं मूल एकटं उभं राहून म्हणेल का? कुणीही चालेल."

पहिल्या रांगेतल्या दोघांनी माना वर केल्या, मागच्यांनी खाली घातल्या. मागच्या रांगेत भिंतीला टेकून द्वारकी नावाची मुलगी बसली होती. अबोल मुलगी, कधी त्रास न देणारी. तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. बाईंना ते दिसलं.

त्या क्षणी बाई दोनच गोष्टी करू शकत होत्या. साहेब, यांना येत नाही, एवढ्या मुलांना मी एकटी पुरी पडत नाही, असं सांगायचं. किंवा झाकायचं. दारातून गुरुजी डोळ्यांनी खुणावत होते.

"मुलं बुजरी आहेत, साहेब," बाई म्हणाल्या. "एकत्रच चांगली बोलतात."

साहेबांनी बाईंकडे जरा वेळ पाहिलं. मग खिडकीतून पाण्याकडे पाहिलं. ओहोटी लागली की होडी चिखलात बसते, मग रात्रभर गावातच राहावं लागतं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. शेरा लिहिला, चपलांचे बंद आवळले आणि उठले.

"तुमचा वर्ग उत्तम आहे," ते म्हणाले. "इथे मदतीची गरज दिसत नाही. पलीकडच्या, तुमच्यासारख्याच लहान शाळेतल्या मास्तरांनी मला काल सरळ सांगितलं, पोरांना काही येत नाही, हात कमी पडतात, कुणालाही विचारून बघा. मी विचारलं, खरंच येत नव्हतं. नवा शिक्षक तिकडे देतो."

मोठे गुरुजी धक्क्यापर्यंत साहेबांच्या मागे मागे गेले. परत आले ते बाईंकडे न बघता आपल्या खोलीत शिरले.

शाळा सुटली. मुलं पांगली. बाई खुर्चीतच बसून राहिल्या. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की द्वारकी दाराशी उभी आहे.

"काय गं? घरी नाही जायचं?"

"जायचंय." ती दोन पावलं आत आली. "बाई, तुम्ही वाचवलंत मला."

"मी? कशातून?"

"साहेबांनी मला उठवलं असतं तर? मला काहीच येत नाही, बाई. मी नुसते ओठ हलवते."

बाईंनी सावकाश विचारलं, "कधीपासून?"

"आपण एकत्र म्हणायला लागलो तेव्हापासून. आधी तुम्ही एकेकाला विचारायचात, तेव्हा चुकायचं पण जमायचं थोडं थोडं. आता गरजच नाही पडत. आमच्या रांगेत सगळेच हलवतात." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. ती आभार मानायला आली होती. मग तिचा चेहरा जरा उतरला. "पण पुढच्या वर्षी पलीकडच्या मोठ्या शाळेत जायचंय ना. तिथे एकेकट्याला उभं करतात. माझा दादा म्हणूनच घरी बसला. तो म्हणतो, सगळ्यांसमोर खुळ्यासारखं उभं राहण्यापेक्षा जाळी ओढलेली बरी. मी पण नाही जाणार बहुतेक."

तिचा दादा बाईंच्याच वर्गात होता. तो शाळा सोडून घरी बसला तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, या पोरांना चिकाटीच नाही. तो खुर्चीसमोरच्या दुसऱ्या रांगेत बसून रोज मोठं तोंड उघडायचा. त्यातून आवाज निघत होता की नाही, हे त्यांना आता आठवेना.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाई पहिल्या होडीने पलीकडे गेल्या. साहेब धर्मशाळेत उतरले होते आणि गरम पाण्यात पाय सोडून बसले होते. बाईंना बघून ते उठायला लागले.

"बसा साहेब. मी खोटं बोलले तेवढं सांगायला आले आहे. माझ्या मुलांना येत नाही. दोघा-चौघांना येतं, बाकीची त्यांच्या आवाजामागे लपतात. मीही लपले."

साहेबांनी एकेक पाय पाण्यातून काढून पुसला.

"मला दिसलं होतं," ते म्हणाले. "मागच्या पोरांचे ओठ आवाजाशी जुळत नव्हते. पण मी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर होडी चुकली असती. म्हणजे बाई, तुम्ही एकट्या नाही लपलात."

"मग शिक्षकाचं काही…"

"हुकूम गेला. काल तुमच्या शाळेत बोलला असतात तर गोष्ट वेगळी होती. इथल्या मास्तरांपेक्षा तुमच्याकडे मुलं जास्त आहेत. आता पुढल्या वर्षी बघू. शेरा मात्र बदलून लिहितो. उत्तम म्हणून लिहिलंय ते खोडतो."

"खोडा," बाई म्हणाल्या.

सोमवारी बाईंनी वर्गात सांगितलं की आता एका सुरात म्हणायचं नाही. रोज एका रांगेने उठायचं, एकेकाने बोलायचं, बाकीच्यांनी पाटीवर लिहायचं. चुकलं तर चुकलं. मुलांना ते आवडलं नाही. पहिल्या आठवड्यात तर वर्ग म्हणजे नुसता गोंधळ. एक अडखळे, दुसरा हसे, तिसरा रडे. बाईंचा घसा पुन्हा बसला. त्या ज्येष्ठमधाचा तुकडा गालात धरून शिकवत राहिल्या.

धक्क्यावरचे लोक म्हणू लागले, "बाईंचा वर्ग बिघडला. पूर्वी कसं खणखणीत ऐकू यायचं."

मोठे गुरुजीही म्हणाले, "बाई, शिक्षकही गेला आणि नावही गेलं. काय मिळवलंत?"

"अजून काहीच नाही, गुरुजी," बाईंनी सांगितलं. आणि ते खरंच होतं.

द्वारकीची पाळी आली त्या दिवशी ती उभी राहिली आणि उभीच राहिली. बाईंनी घाई केली नाही. पाटीवरच्या पेन्सिलींचा आवाज तेवढा येत होता.

"शी…" द्वारकी म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "शी गो."

"किती जणी जातायत?"

"एकच."

"मग?"

"शी गोज."

"बस."

एवढंच. दुसऱ्या वेळेला ती पुन्हा 'शी गो'च म्हणाली. बाईंनी पुन्हा विचारलं, किती जणी? वर्ष असंच सरलं. वर्ष संपताना निम्म्याअधिक मुलांना एकट्याने वाक्य म्हणता येत होतं. काहींना तेव्हाही येत नव्हतं. पण कुणाला येतं आणि कुणाला नाही, हे बाईंना नीट ठाऊक होतं. त्या संध्याकाळी घरी जात तेव्हा पूर्वीइतक्याच थकलेल्या असत. पडल्याबरोबर झोप मात्र लागू लागली होती.

नवं वर्ष सुरू झालं. मोठ्या शाळेत जाणारी मुलं रोज सकाळच्या होडीने पलीकडे जाऊ लागली. बाई एकदा संध्याकाळी मीठ आणायला दुकानाकडे निघाल्या होत्या, तेवढ्यात होडी धक्क्याला लागली आणि द्वारकी खाली उतरली. बाईंना बघून ती थांबली.

"विचारलं का तिथे?" बाईंनी विचारलं.

"विचारलं. सगळ्यांसमोर उभं केलं." तिने चिखलातून पाय काढत सांगितलं. "चुकले, बाई."

"मग?"

"मग काय, पोरं हसली. त्या सरांनी बरोबर काय ते सांगितलं, मी परत म्हटलं. मला वाटलेलं तेवढं काही झालं नाही." ती जरा विचार करून म्हणाली, "माझी मीच चुकले ना. दुसऱ्या कुणाच्या आवाजात नाही."

"आणि उद्या?"

"उद्या पुढचं विचारणार आहेत. येऊ का, बाई? पाठ करायचंय."

ती चढण चढून घरी निघून गेली. बाई जरा वेळ धक्क्यावर उभ्या राहिल्या, मग मीठ आणायला गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे तिसरीची नवी मुलं बसली होती आणि त्यांच्यातल्या पहिल्याने उभं राहून 'ही गो' म्हटलं. बाईंनी खोल श्वास घेतला आणि त्याला विचारलं, "किती जण जातायत, बाळा?"

एवढ्यावरून घ्यायचं तात्पर्य: उणीव झाकली की ती भरून द्यायला कुणी येत नाही, आणि जे एकेकाला शिकवायचं असतं, ते घोळक्याकडून वदवून घेऊन संपत नाही.