कोणी न ओढलेल्या माळा

एका विद्यापीठात गणोरकर नावाचे एक सर होते. जिवाणूच्या एका पेशीच्या दोन होतात, तेव्हा आतल्या गुणसूत्राच्या दोन प्रती दोन टोकांना जातात. त्यांना कोणीतरी ओढतं, असं सर तीस वर्षं शिकवत होते. ओढणारा कोण, ते त्यांना कधी सापडलं नाही. पण विचारायची कोणाची टाप होती?

त्यांची विद्यार्थिनी वैजयंता पावरा हिने पेशीची प्रतिकृती केली. एक अरुंद काचेची नळी. आत मण्यांच्या दोन लांब माळा, लाल आणि पांढरी, एकमेकींत गुंतवलेल्या. नळी आडवी ठेवली थरथरणाऱ्या टेबलावर, कारण पेशीत सगळं सतत थरथरतच असतं.

टिक, टिक, टिक. माळा वळवळल्या. तासाभरात एक डावीकडे गेली, एक उजवीकडे. कोणी हात लावला नव्हता.

"टेबल कललंय," सर म्हणाले.

पाणसळ लावली. टेबल सपाट होतं.

"मग तूच काहीतरी करतेस."

"मी तर चहाला गेले होते, सर. अरुंद जागेत गुंतून राहिलं की हलायला मोकळीक कमी मिळते. म्हणून थरथरता थरथरता त्या आपोआप सुटतात. बस्स."

सर दार लावून एकटे बसले. अकरा वेळा माळा गुंतवल्या, अकरा वेळा त्या सुटल्या. कधी लाल डावीकडे जायची, कधी पांढरी. बाराव्यांदा त्यांचा हात पुढे होईना. खोलीत आणखी कोणीतरी आहे, असं वाटून त्यांनी दोनदा मागे पाहिलं. कोणी नव्हतं. तेच तर भयंकर होतं.

चूक कबूल करायला एवढं पुरे होतं. पण सरांनी नायलॉनचा बारीक दोरा आणला, लाल माळेला बांधला आणि नळीच्या उजव्या टोकातून बाहेर काढला.

"उद्या परीक्षक येतील. मी गुपचूप ओढीन. तू सांगायचं, पेशीत असंच ओढलं जातं. नाहीतर प्रबंधावर माझी सही नाही."

"मी यात चार वर्षं घातली आहेत, सर."

"म्हणूनच सांगतोय, बाळ."

दुसऱ्या दिवशी दोन परीक्षक आले. वैजयंताने टेबलाचं बटण दाबलं आणि ती म्हणाली, "यांना कोणी ओढत नाही."

सरांनी दोरा खेचला. गुंता आवळला. आणखी खेचला, आणखी आवळला. शेवटी बोटं दुखली आणि दोरा ढिला पडला.

टिक, टिक. गुंता सैल झाला. लाल माळ सरकू लागली, पण डावीकडे. सरांच्या बोटांतून दोरा हळूहळू नळीत शिरू लागला. सर ओढत नव्हते. त्यांच्याच हातातून दोरा ओढून घेतला जात होता.

"हा दोरा कोणी बांधला?" थोरल्या परीक्षकांनी विचारलं.

"हिने," सर म्हणाले.

दोरा त्यांच्याच बोटांत होता. दोघाही परीक्षकांना तो दिसत होता. एकाने चष्मा पुसला. दुसऱ्याने प्रबंध पुढच्या वर्षावर ढकलला. वैजयंता बॅग उचलून गेली, ती परत आली नाही.

खोलीत तिघे वडीलधारे उरले. टेबल बंद करायला कोणी उठेना. दोऱ्याचं टोक नळीत नाहीसं झालं, तरी सरांचा हात तसाच पुढे राहिला, कोणीतरी धरून ठेवल्यासारखा.

तात्पर्य: जे आपल्यावाचून चालतं ते आपणच चालवतो, असं म्हणणारा मोठा माणूस एक दिवस स्वतःचं खोटं धाकट्याच्या माथी मारतो, आणि ते बघून चष्मा पुसणारे त्याच्याइतकेच दोषी असतात.