हाती धरलेले ओगराळे

एकदा एका लाकडाच्या वखारीच्या मालकाने आपल्या छोट्या कार्यालयासाठी संगणकावर चालणारी हिशेबाची आज्ञावली करून घेतली. तिघांना तीन संगणकांवरून एकाच वेळी काम करता यावे, एवढीच त्याची अपेक्षा. ती रचणारा तरुण अजून शिष्यदशेतच होता. हे त्याचे पहिले स्वतंत्र काम. एकाची नोंद दुसऱ्याने पुसू नये, म्हणून त्याने मोठ्या दक्षतेने योजना केली: एकाने ग्राहकाचे खाते उघडले, की तो ते मिटेपर्यंत इतरांना ते उघडता येणार नाही. चूक एकही झाली नाही. तरी निरोप आला, "शनिवारी येऊन ती आज्ञावली काढून न्या. आमची वहीच बरी."

खिन्न होऊन तो आपल्या वृद्ध गुरूंसह वखारीत गेला. एक खुर्ची रिकामी होती. वसुलीचे कारकून खाते उघडेच ठेवून चहाला गेले होते. शेजारच्या संगणकावर दुसऱ्या कारकून मंदाताई त्याच खात्यासाठी हात बांधून बसल्या होत्या.

गुरू कोपऱ्यातल्या माठाकडे गेले. लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढून प्याले आणि ते ओगराळे हाती तसेच धरून मालकाशी सागवानाच्या गोष्टी करू लागले. मंदाताई पेला घेऊन मागे उभ्या राहिल्या. बोलणे संपेना.

"आजोबा, सागवान कुठे पळून जात नाही," त्या म्हणाल्या, "माझा घसा मात्र कोरडा पडलाय."

शिष्य ओशाळला. "गुरुजी, आपले पिऊन झाले ना? मग ओगराळे ठेवावे."

"का? ते माझ्या हाती असेतो पाणी कोणी गढूळ करणार नाही."

"पण कोणाला पिताही येणार नाही."

शिष्याची दृष्टी रिकाम्या खुर्चीकडे गेली, आणि मग तिच्यासमोर उघड्या राहिलेल्या खात्याकडे.

ओगराळे मंदाताईंच्या हाती देत गुरू म्हणाले, "राखण हवीच, पण नोंद लिहिण्याच्या क्षणापुरती. वाचणाऱ्याला, चहाला गेलेल्याला ती कशाला? मधल्या काळात कोणी काही बदलले असेल, तर लिहिणाऱ्याला आधी तेवढे सांग."

शनिवारपर्यंत शिष्याने रचना बदलली. मालकाने सकाळभर ती पारखली आणि म्हणाला, "राहू दे ही इथेच." संध्याकाळी मंदाताई प्रथमच वेळेवर पिशवी उचलून निघाल्या. शिष्य दारात हात जोडून उभा होता.

"ताई, इतके दिवस तुम्ही कुरकुर न करता थांबलात. मी आपला ऋणी आहे."

"कुरकुर केली की," त्या हसल्या. "तुम्ही ऐकायला नव्हतात."

तेव्हापासून कोणत्याही कार्यालयासाठी काही रचण्यापूर्वी तो तिथे दिवसभर नुसता बसतो. आणि पाणी पिऊन झाले, की ओगराळे आधी जागेवर ठेवतो.