काचेतल्या बाईचं काजळ

हं, पाय आधी पांघरुणात घ्या. आणि मधेमधे बोलायचं नाही, नाहीतर मी पुढचं विसरते, मग मला बोल लावू नका.

एकदा काय झालं, एका राजाच्या गावात नारोशेटांनी दुकान उघडलं. दुकान कसलं, महालच तो! तीन मजले, रंगीत काचा, सुईपासून पलंगापर्यंत सगळं एका छपराखाली. मॉलसारखं? हो रे बाबा, पण मॉलचा पणजोबाही जन्मला नव्हता तेव्हाची गोष्ट ही.

दाराशी मोठ्या काचेमागे एक लाकडी बाई उभी असायची. तिला रोज नवी साडी नेसवायची बयोआत्या. तिच्या भावाची मुलं, वेणू आणि गोंदू, तिच्याजवळच राहायची. त्यांना दुसरं होतं कोण? आत्या रोज काचेपाशीच दोघांच्या डोळ्यांत घरचं काजळ घालायची, कानामागे तीट लावायची आणि मग साडीला हात घालायची.

मग काय झालं, दुकानाला कुणाची दृष्ट लागली देव जाणे! गिऱ्हाईक म्हणायचं, "अगंबाई, काय सुरेख!" की वस्तू गेलीच. फुलदाणी फुटली, आरसा तडकला. मग ते थांबलं आणि भलतंच सुरू झालं. चिनीमातीच्या हत्तीच्या कानामागे काळा ठिपका! शेटांनी पुसला. मग झुंबराच्या लोलकावर ठिपका. शेट भडकले.

"बयोबाई, अख्ख्या दुकानात काजळाची डबी तुमच्याचकडे. आणखी एक डाग दिसला, तर उद्यापासून येऊ नका!"

आत्या रडरड रडली. काम गेलं तर दोन लेकरांना घेऊन जायचं कुठं?

तेवढ्यात दुकानात चांदीचा पाळणा आला. राजवाड्यातल्या बारशासाठी खास मागवलेला, बरं का. राणीसाहेब स्वतः बघायला येणार होत्या. आता दुपारी दुकान बंद असायचं. शेट गादीवर चक्क घोरायचे. हसताय काय? तुमचे आजोबा घोरत नाहीत? मग वेणू आणि गोंदू पलंगाखाली लपले. चोर धरायचाच म्हणून.

आणि बघतात तर काय! काचेतली बाई हळूच खाली उतरली. तिनं स्वतःच्या डोळ्यावरून बोट फिरवलं आणि पाळण्याला ठिपका लावला.

वेणू बाहेर आली. "बाई, असं का हो करता?"

"सगळे 'सुरेख, सुरेख' म्हणतात, मग वस्तू फुटतात. आत्या तुम्हाला जपते ना, ते बघितलं मी. माझ्याकडे डबी कुठली? डोळ्यांतलंच लावते."

"अहो, पण तुमचे डोळे पुसून चाललेत!"

"असू दे गं. दिसतं अजून थोडं."

गोंदूला रडूच फुटलं. त्या आवाजानं शेट जागे झाले. बाई काचेत जाऊन उभी. शेटांनी ठिपका बघितला मात्र, असे ओरडले म्हणून सांगू! "निघा, बयोबाई!" आत्यानं पिशवी उचलली. शेट फडकं घेऊन पुसणार, तोच दारात राणीसाहेब!

राणीसाहेब पाळण्याकडे बघतच राहिल्या. "तीट कुणी लावली?"

शेटांनी फडकं पाठीमागे लपवलं. वेणू म्हणाली, "काचेतल्या बाईनं. स्वतःच्या डोळ्यांतलं काजळ काढून."

"काहीतरीच बोलते पोर!" शेट म्हणाले. पण राणीसाहेब काचेपाशी गेल्या. बाईचे डोळे पार पुसट झालेले आणि बोट काळं.

"शेट," राणीसाहेब म्हणाल्या, "पाळणे मला खूप दाखवले लोकांनी. माझ्या बाळाची काळजी केली ती हिनंच."

मग शेटांची मान खाली गेली. "चुकलो, बयोबाई. कुठंही जाऊ नका." आत्यानं पिशवी ठेवली आणि डबी काढली. वेणू स्टुलावर चढली, तिनं बाईच्या डोळ्यांत काजळ घातलं. मग कानामागे तीट लावली. इतके दिवस सगळं गाव तिला बघत होतं, पण तिला तीट कुणीच लावली नव्हती रे! बाईनं पटकन डोळे मिटून घेतले. काजळ ओघळू नये म्हणून.

पुढं काय, बाळाचं बारसं झालं, आत्या आणि मुलं सुखात राहिली आणि आत्या रोज तीन कानांमागे तीट लावायला लागली.

झालं. आता दोघंही कान इकडे करा. लावली. मिटा डोळे.